लहान मुलाचा जबाब: प्रश्न कसा विचारावा आणि कुठे थांबावं

लैंगिक अत्याचाराच्या अनेक प्रकरणांत साक्षीदार एकच असतो, ते मूल. वैद्यकीय तपासणीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. मग सगळा खटला उभा राहतो तो मूल काय बोललं आणि ते त्याच्या तोंडून कसं निघालं यावर. विचारणाऱ्याने प्रश्नातून सुचवलेली गोष्ट एकदा आठवणीत मिसळली की ती पुन्हा वेगळी काढता येत नाही. म्हणून प्रत्येक तपशील आधी मुलाच्या तोंडून यायला हवा, तुमच्या तोंडून नव्हे.

1983 साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या मॅकमार्टिन बालवाडीवर आरोप झाले. शेकडो मुलांना प्रश्न विचारले गेले, खटला 1990 पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. पुढे संशोधक सेना गार्व्हन आणि सहकाऱ्यांनी त्या मुलाखतींमधल्या पद्धती 3 ते 6 वर्षांच्या मुलांवर तपासल्या. 1998 च्या या अभ्यासात मुलांना भेटायला आलेल्या एका पाहुण्याबद्दल विचारलं होतं. एका गटाला नुसते सूचक प्रश्न विचारले. दुसऱ्या गटात त्यासोबत ‘बाकीच्या मुलांनी सांगितलंय’ असं म्हणणं, हवं ते उत्तर आलं की शाबासकी आणि नाही आलं की नाराजी, हेही होतं. न घडलेल्या गोष्टींना पहिल्या गटात 17 टक्के वेळा ‘हो’ आलं, दुसऱ्यात 58 टक्के. शाबासकीचा हा परिणाम नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे ‘शाब्बास, छान सांगितलंस’ हे प्रेमानेच तोंडात येतं. शाबासकी द्यायची तर बोलण्याच्या प्रयत्नाला द्या, उत्तराला नको.

याच काळात मायकल लॅम्ब, कॅथलीन स्टर्नबर्ग आणि सहकारी संशोधकांनी एनआयसीएचडी प्रोटोकॉल, म्हणजे अमेरिकेतल्या बालआरोग्य संस्थेच्या नावाने ओळखली जाणारी मुलाखतीची ठरावीक पद्धत, तयार केली. पुढचे टप्पे मुख्यतः त्याला धरून आहेत.

आधी तयारी. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम 24 प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. खोलीत टीव्ही किंवा खेळण्यांचा ढीग नको. कलम 26 प्रमाणे आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. तिला मुलाच्या मागे किंवा बाजूला बसवा. समोर बसली तर प्रत्येक उत्तराआधी मूल तिचा चेहरा वाचतं. मान डोलवायची नाही, आठवण करून द्यायची नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. आरोपी घरातलाच असेल तर सोबत कोण बसणार हे मुलाला एकट्याला विचारा.

मग नियम, पण नुसते सांगून भागत नाही. ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय?’ असं विचारा. मूल ‘माहीत नाही’ म्हणालं की ‘बरोबर, माहीत नसेल तर असंच सांगायचं’ असं म्हणा. सहा वर्षांच्या मुलीला ‘तू दोन वर्षांची आहेस, असं मी म्हटलं तर?’ असं विचारा आणि तिला तुमची चूक काढू द्या. याची गरज का पडते? ह्यूज आणि ग्रीव्ह या संशोधकांनी 1980 मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना ‘दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का?’ असं विचारलं आणि जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं! मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे उत्तर असणारच, असं मूल धरून चालतं.

त्यानंतर पाच-सात मिनिटं सराव. घाईत सर्वांत जास्त वेळा हाच टप्पा गळतो. ‘गणपतीत तुमच्या घरी काय काय झालं, पहिल्यापासून सांग.’ मग फक्त ‘पुढे काय झालं?’ आणि ‘त्याबद्दल आणखी सांग.’ शाळेत मुलांना एका शब्दात उत्तर द्यायची सवय असते. इथे आपणच बोलायचंय, हे त्यांना या सरावातून कळतं.

मुख्य विषयाचं दार असं उघडा: ‘आज तू माझ्याशी बोलायला आलीस. कशासाठी आलीस ते सांग.’ ‘त्या काकांनी काय केलं?’ असं नव्हे. फिर्याद वाचलेली असली तरी त्यातला तपशील प्रश्नात येऊ देऊ नका. पुढचं साधारण असं चालावं:

‘दादाने मला गच्चीवर नेलं.’
‘गच्चीवर नेलं. पुढे काय झालं, सगळं सांग.’
‘घाण काम केलं.’
‘घाण काम म्हणालीस. त्याबद्दल सांग.’

मुलीचाच शब्द परत दिला, त्यात स्वतःचं काही घातलं नाही. इथे ‘म्हणजे हात लावला ना?’ असं विचारलंत तर आलेलं ‘हो’ कोर्टात टिकणार नाही. मूल गप्प झालं तर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकदा त्या शांततेतच पुढचं वाक्य येतं.

मराठीत काही खास खड्डे आहेत. वाक्याच्या शेवटचा ‘ना’ बोलण्यात सहज येतो आणि साधा प्रश्न सूचक करून टाकतो. ‘का’ने विचारलेला प्रश्न दोष दिल्यासारखा लागतो, ‘ओरडली का नाहीस?’ हे तर कधीच विचारू नका. ‘काका’ आणि ‘दादा’ कोणीही असू शकतो, तेव्हा ‘त्या दादाबद्दल सांग’ म्हणा. ‘त्यांनी बोलावलं’ यात आदराने एकटे सर असतील किंवा तिघे जण असतील. ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ हे विचारलंच पाहिजे. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘शूची जागा’ म्हणजे नक्की कुठे, हे मुलाकडूनच समजून घ्या, पण दाखवायला म्हणून बाहुली पुढे करू नका. मॅगी ब्रुक यांच्या 1995 च्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी डॉक्टरांनी नुकत्याच केलेल्या तपासणीबद्दल बाहुलीवर चुकीचं दाखवलं होतं.

तारीख आणि ‘किती वेळा’ यांची नेमकी उत्तरं लहान मुलांना देता येत नाहीत. ‘एकदा झालं की जास्त वेळा?’ एवढंच विचारा. जास्त वेळा असेल तर शेवटची वेळ, पहिली वेळ आणि सर्वांत चांगली आठवणारी वेळ, प्रत्येक वेगळी सांगू द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी की नंतर, हे नंतर जुळवा. कोण, कुठे, कधी हे थेट प्रश्न मोकळं कथन संपल्यावरच विचारा आणि प्रत्येकानंतर पुन्हा ‘त्याबद्दल सांग’वर या. एकच प्रश्न पुन्हा विचारलात तर मुलाला वाटतं आपलं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं.

मूल बोलतच नसेल तर जोर लावू नका. 2014 च्या सुधारित प्रोटोकॉलमध्ये अशा मुलांसाठी मुख्य विषयाआधीची ओळख आणि आधार वाढवला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटता येतं.

लिहिताना जबाब मुलाच्याच शब्दांत घ्या; कलम 26 हेच सांगतं, आणि शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रणही. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी ‘सदर इसमाने लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले’ असं वाक्य आलं की बचावपक्षाचं अर्धं काम तिथेच होतं.

शिक्षक किंवा नातेवाईक म्हणून मुलाने तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं, तर यातलं काही करू नका. ऐका, तुम्ही काय विचारलंत आणि ते काय म्हणालं हे शब्दशः लिहून ठेवा आणि पोलिसांना किंवा 1098 या बाल मदतवाहिनीला कळवा. कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

प्रशिक्षण एकदा घेऊन पुरत नाही. लॅम्ब यांच्या गटाला आढळलं की नियमित परीक्षण थांबलं की चांगले मुलाखतकारही लवकरच सूचक प्रश्नांवर परत येतात. दर महिन्याला आपल्याच एका मुलाखतीची लिखित प्रत काढा, लाल पेन घ्या आणि मुलाने आधी उच्चारला नव्हता असा जो जो शब्द तुमच्या प्रश्नात पहिल्यांदा आला त्याखाली रेघ ओढा.