डायफ्रॅम हातांनी शिका

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूची, ओळख होते ती वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या धास्तीने. त्याला चालवणारी फ्रेनिक नर्व्ह, मानेतल्या सी ३-४-५ मधून येणारी. त्याला पार करून जाणारी वेना कॅव्हा ही मोठी शीर टी ८ ला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याच्या पातळीला, अन्ननलिका टी १० ला, महाधमनी टी १२ ला. पाठ करावंच लागतं, करा. पण डिसेक्शनच्या (शवविच्छेदनाच्या) वेळी त्याच्या मागच्या दोन जाड पट्ट्या, म्हणजे क्रुरा, जरा निवांत बघून घ्या. त्या थेट कमरेच्या मणक्यांना जाऊन चिकटतात. श्वासाचा स्नायू कमरेला एवढा घट्ट का धरून आहे, हा प्रश्न तिथेच पडायला हवा.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना झटकन हात उचलायला लावून डायफ्रॅमची हालचाल नोंदवली. खांद्याचा स्नायू कामाला लागण्याआधी साधारण २० मिलिसेकंद डायफ्रॅम आवळला जात होता, श्वास आत चाललेला असो वा बाहेर. तो खाली दाबतो, पोटाची भिंत आणि ओटीपोटाचा तळ त्याला अडवतात, पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. मला हे खरं उमगलं इंटर्नशिपमध्ये, कंबरदुखीच्या पेशंटांना बादली उचलताना बघून. खांदे कानाशी, श्वास कोंडलेला, खालच्या बरगड्या जागच्या जागी. त्यामुळे कंबरेच्या पेशंटची तपासणी करताना श्वास बघायचा राहू देऊ नका.

कसा बघायचा? पेशंटला गुडघे वाकवून उताणं झोपवा. तुमचे तळवे खालच्या बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना, अंगठे पुढे, बोटं मागे. श्वास घेताना बरगड्या तुमच्या हातांना बाहेर ढकलतात का, दोन्हीकडे सारख्या का, ते जाणवू द्या. ‘पोट फुगवा’ असं सांगणं मला पटत नाही. बरेच जण हवा न घेताच पोट पुढे काढतात. ‘माझे हात बाजूला सारा’ म्हटलं की लगेच समजतं. झोपून जमलं की बसून, उभं राहून, मग बादली उचलताना.

सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, पेशंटवर मात्र हे सरसकट लादू नका. फुफ्फुसं फुगून डायफ्रॅम सपाट झालेला असतो, आणि कधीकधी श्वास घेताना खालच्या बरगड्या उलट आत ओढल्या जातात. तिथे आधी पुढे झुकवून, हात टेबलावर टेकवून बसवा आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवा.