शूटर आत, बंब बाहेर: पोलिस आणि फायरच्या समन्वयात होणाऱ्या या चुका टाळा

शाळेत, मॉलमधे नाहीतर ऑफिसात कोणीतरी बंदूक घेऊन शिरलाय आणि दिसेल त्याला गोळ्या घालतोय असा कॉल आला की पोलिस आणि फायर दोघंही सुसाट निघतात. धाडस कमी नसतं, ट्रेनिंग पण झालेलं असतं. तरी नंतर चौकशीचे अहवाल काढून वाचा, देश वेगळा, साल वेगळं, पण चुका त्याच त्या. त्यातल्या बहुतेक चुका गोळीबाराच्या नाहीतच, दोन खात्यांनी एकमेकांशी न बोलण्याच्या आहेत.

आधी वेळेचं गणित बघा. एफबीआयने अमेरिकेतल्या २००० ते २०१३ या काळातल्या १६० घटना तपासल्या, त्यातल्या ६३ घटना किती वेळ चालल्या हे नीट कळू शकलं आणि त्यातल्या ४४ पाच मिनिटांत किंवा त्याच्या आत संपल्या होत्या. म्हणजे बऱ्याचदा पोलिसांची पहिली गाडी दारात येईपर्यंत गोळीबार आटोपलेला असतो. पण मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटलेला माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, शूटर पकडला गेला की नाही याच्याशी त्याच्या रक्ताला काही देणंघेणं नसतं. खाली जे लिहिलंय ते सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

"आधी सगळं सेफ होऊ द्या, मग आम्ही येतो"

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडलेली चूक. १९९९ मधे अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला तेव्हा पोलिसांनी बाहेर घेरा टाकला आणि स्वाट टीमची (पोलिसांच्या खास शस्त्रसज्ज तुकडीची) वाट बघितली, तेव्हा पद्धतच तशी होती, कोणी नियम मोडला असं नाही. पण आत एका वर्गात जखमी शिक्षक तीन तासांहून जास्त वेळ रक्त जात पडून राहिले, मुलांनी मदतीसाठी खिडकीत बोर्ड लावला, आणि मदत पोचेपर्यंत उशीर झाला. त्यानंतर पोलिसांनी धडा घेतला की जे पहिले पोचतील त्यांनी आत घुसायचं, स्पेशल टीमची वाट बघायची नाही. फायर आणि अँब्युलन्सवाल्यांची बाजू बदलायला मात्र खूप वर्षं लागली, आणि अजून बऱ्याच ठिकाणी बदललेली नाही. दोन गल्ल्या सोडून गाड्या लावायच्या आणि पोलिसांचा "सगळं ओके" निरोप येईपर्यंत थांबायचं, हेच चालू असतं.

आता प्रॉब्लेम असा आहे की तो निरोप तासन्‌तास येत नाही. मोठी बिल्डिंग असेल तर प्रत्येक खोली, प्रत्येक टॉयलेट, प्रत्येक कपाट तपासायचं असतं, दुसरा शूटर नाही ना, बॉम्ब नाही ना हे बघायचं असतं. तोवर जखमी माणूस टिकत नाही. म्हणून जागेचे तीन भाग करतात. हॉट झोन म्हणजे जिथे शूटर आहे किंवा असू शकतो, तिथे फक्त पोलिस. वॉर्म झोन म्हणजे जिथून पोलिस पुढे गेलेत, लगेचचा धोका दिसत नाही पण खात्री पण नाही. कोल्ड म्हणजे बाहेर, जिथे अँब्युलन्स उभ्या. सगळी गंमत वॉर्म झोनमधे आहे, कारण बहुतेक जखमी तिथेच पडलेले असतात आणि आपण तिथेच जायला तयार नसतो.

यावर अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या फायर डिपार्टमेंटने रेस्क्यू टास्क फोर्सची पद्धत बसवली, नंतर ती सगळीकडे पसरली. दोन मेडिकलवाले, सोबत दोन ते चार पोलिस, मेडिकलवाल्यांना बुलेटप्रूफ जॅकेट आणि हेल्मेट. आत जाऊन करायचं काम फार थोडं असतं: टुर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाला बांधायचा पट्टा) आवळायचं, जखमेत गॉज कोंबून दाबायचं, छातीला भोक असेल तर चेस्ट सील (ते भोक बंद करणारी चिकटपट्टी) चिकटवायचं आणि पेशंट बाहेर काढायचा. सलाइन लावत बसायचं नाही, बीपी घेत बसायचं नाही. आणि इथे एक उपचूक हमखास होते, सोबतचे पोलिस आवाज आला की तिकडे पळतात आणि मेडिकलवाले आत एकटे पडतात. सोबतच्या पोलिसांचं काम शूटर पकडणं नाही, त्या दोघांना सोडायचं नाही एवढंच, आणि हे आत जायच्या आधी तोंडावर सांगून घ्यायचं.

उलटी चूक पण बघा. अतिउत्साहात पोलिसांना न सांगता आत घुसणारे जवान. पोलिसांना माहीत नसलेला, धुरात पळणारा, हातात काहीतरी असलेला माणूस म्हणजे काय होऊ शकतं ते सांगायला नको. "सेफ आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याचं उत्तर कोणताही पोलिस अधिकारी छातीठोकपणे देणार नाही. विचारायचं असं की "कुठपर्यंत वॉर्म आहे, कोणत्या दारातून जायचं, आणि सोबत किती माणसं देताय?" याचं उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

दोन तंबू, दोन साहेब

पोलिसांची कमांड पोस्ट (जिथून सूत्रं हलतात ती जागा) एका कोपऱ्यात, फायरची दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्हीकडे नकाशे, दोन्हीकडे वायरलेस, आणि मधे कोणीच नाही. २०१३ मधे लॉस एंजेलिस एअरपोर्टवर गोळीबार झाला तेव्हा सुरुवातीला नेमकं हेच झालं, एकत्र कमांड उभी राहायला बराच वेळ गेला. २०२२ मधे टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत तर त्याहून वाईट, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, वेगवेगळ्या खात्यांचे मिळून ३७६ जण तिथे गोळा झाले होते, आणि वर्गात घुसून शूटरला संपवायला ७७ मिनिटं लागली, कारण कमांड कोणाकडे आहे हेच ठरलेलं नव्हतं. माणसं कमी पडली असं तिथे कोणी म्हणू शकत नाही.

यावरचा उपाय ऐकायला एकदम साधा आहे म्हणून लोक त्याला सिरियसली घेत नाहीत. पहिले चार पोलिस आत जातात, पाचवा पोचला की तो आत जात नाही, बाहेर थांबून कमांड घेतो. हवालदार असो नाहीतर कोणीही, मोठे साहेब येईपर्यंत तोच. फायरचा पहिला अधिकारी पोचला की त्याने गाडीत बसून वायरलेसवर ओरडायचं नाही, उतरायचं आणि चालत त्या पाचव्या पोलिसाजवळ जाऊन उभं राहायचं. खांद्याला खांदा लावून, अक्षरशः. पोलिसांची बाजू बघणारा, जखमींची छाननी बघणारा आणि अँब्युलन्स लावणारा, हे तिघं एका जागी उभे राहिले की अर्धे प्रॉब्लेम तिथल्या तिथे सुटतात.

पाचवा पोलिस सापडतच नाही, सगळेच आत पळालेत? असं होतं, नेहमी होतं. मग कंट्रोल रूमला विचारा. त्यांनाही माहीत नसेल तर बाहेर दिसेल त्या पोलिसाला धरा आणि सांगा, "मी फायरचा अधिकारी, आता आपण दोघं कमांड, आतल्यांना कळवा." नंतर कोणी रागावलं तर रागवू दे.

माहिती एकाच खात्यात अडकून राहणे

ब्रिटनमधलं मँचेस्टर अरीना, २०१७, गाण्याचा कार्यक्रम संपताना. तो बॉम्बहल्ला होता, गोळीबार नव्हे, पण शूटर फिरतोय अशी शंका आली आणि पुढचं सगळं या विषयात फिट्ट बसतं. पोलिसांच्या ड्युटी ऑफिसरने फिरत्या दहशतवादी हल्ल्यासाठी असलेला प्लॅन जाहीर केला आणि तो बाकीच्या खात्यांना सांगायचाच राहिला, एकटा माणूस आणि त्याच्यावर फोनचा भडिमार. फायरवाल्यांनी गोळीबाराच्या भीतीने गाड्या पुढे नेण्याऐवजी घटनास्थळापासून लांबच्या स्टेशनवर जमवल्या. ते पोचले तेव्हा दोन तासांहून जास्त वेळ गेला होता. बॉम्ब फुटला तिथून जवळच फायर स्टेशन होतं हो! आणि त्याच वेळी पोलिस आणि थोडे अँब्युलन्सवाले आत काम करत होते, म्हणजे आत जाणं अशक्य होतं असंही नाही.

ब्रिटनमधे यासाठी निरोपाचा एक ठरलेला साचा आहे: मोठी घटना जाहीर केली का, नेमकी जागा, घटनेचा प्रकार, धोके काय, यायचा-जायचा रस्ता, जखमी अंदाजे किती, आणि कोण पोचलंय, कोण अजून हवंय. मँचेस्टरला हा साचा कागदावर होताच, तिन्ही खात्यांना शिकवलेला होता, पण त्या रात्री एकमेकांना पोचला नाही. म्हणून नुसता फॉर्म छापून भिंतीवर लावून उपयोग नाही, कंट्रोल रूममधे एका माणसाचं काम फक्त एवढंच ठेवा की एका खात्याने काहीही जाहीर केलं की दुसऱ्या दोघांना फोन लावायचा आणि समोरून परत वदवून घ्यायचं.

वायरलेस चालत नाही

चालणार नाहीच, गृहीत धरा. काँक्रीटच्या आत सिग्नल मरतो, आणि सगळे एकदम बोलायला लागले की सिस्टिम जाम होते. २०१८ मधे अमेरिकेत पार्कलँडच्या शाळेत गोळीबार झाला तेव्हा हेच झालं. शिवाय तिथे आणखी एक जबरदस्त गोंधळ: पोलिस शाळेच्या कॅमेऱ्यावर शूटर कुठे चाललाय ते वायरलेसवर सांगत होते आणि ऐकणाऱ्यांना वाटलं लाइव्ह आहे, प्रत्यक्षात ते रेकॉर्डिंग वीसेक मिनिटं मागचं होतं. शूटर केव्हाच बाहेर पडला होता आणि आतली टीम त्याला जिन्यात शोधतेय. त्यामुळे कोणतीही माहिती पुढे देताना वेळ जोडायची सवय लावा, "आत्ता दिसतोय" की "दहा मिनिटांपूर्वी दिसला". कॅमेऱ्यावरच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसऱ्या शूटरच्या अफवा तर येणारच. २०१७ मधे लास वेगासला एका संगीत महोत्सवावर गोळीबार झाला, शूटर एकटा होता, तरी आजूबाजूच्या हॉटेलांमधून गोळीबाराचे कॉल येत राहिले, कारण घाबरलेले, रक्ताने माखलेले लोक पळत तिकडे पोचले होते. अफवा आली की तपासायला छोटी टीम पाठवा, पण तेवढ्यासाठी आत असलेले सगळे मेडिकलवाले बाहेर ओढू नका. ते ठरवायचं असतं दोघांनी मिळून, म्हणूनच खांद्याला खांदा.

गाड्या कुठेही सोडून पळणे

माणूस मरतोय असं ऐकल्यावर गाडी नीट पार्क करत कोण बसणार? कबूल. पण तीस-चाळीस पोलिस गाड्या गेटसमोर वाकड्यातिकड्या, लॉक, चाव्या पोलिसांच्या खिशात आणि पोलिस आत, मग अँब्युलन्स हवेतून येणार का. २०१२ मधे अमेरिकेतल्या ऑरोरात सिनेमा थिएटरमधे गोळीबार झाला तेव्हा बाहेर पार्किंगमधे गाड्या आणि माणसांची एवढी दाटी झाली की अँब्युलन्सना जखमींपर्यंत पोचता येईना, शेवटी पोलिसांनी आपल्याच गाड्यांत जखमी घातले आणि हॉस्पिटल गाठलं. त्याने जीव वाचले. फिलाडेल्फियात तर पोलिस गोळी लागलेल्याला स्वतःच्या गाडीतून नेतात ही जुनी पद्धतच आहे, तेव्हा हा पर्याय वाईट नाही, फक्त आधी ठरलेला हवा आणि फायरला कळलेला हवा, नाहीतर किती जखमी कुठे गेले याचा हिशोबच लागत नाही.

करायचं काय: गाड्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावा, चावी गाडीत (शस्त्रं लॉक करून), आणि उशिरा पोचलेल्या पहिल्या दोन पोलिसांना आत न पाठवता रस्ता मोकळा ठेवायला उभं करा. हे काम कोणालाच नको असतं. पण एक यायची आणि एक जायची अशी लेन जिवंत ठेवणारा माणूस त्या दिवशी कोणत्याही निशाणेबाजापेक्षा जास्त जीव वाचवू शकतो.

आग लागली तर कोणाचं?

हा प्रश्न प्लॅनमधे जवळजवळ कधीच नसतो. २६/११ ला मुंबईत ताजमधे अतिरेक्यांनी मुद्दाम आगी लावल्या, आणि फायर ब्रिगेडचे जवान शिड्या लावून खिडक्यांतून पाहुण्यांना खाली उतरवत होते, आत गोळीबार चालू असताना. २०१२ च्या डिसेंबरमधे न्यूयॉर्क राज्यात वेब्स्टरला एकाने घर पेटवलं आणि विझवायला आलेल्यांवर गोळ्या झाडल्या, दोन जवान गेले. पार्कलँडला गोळीबारामुळे फायर अलार्म वाजला आणि मुलं सवयीने वर्गाबाहेर आली. म्हणजे आग आणि बंदूक एकत्र येणं हा काही कल्पनेतला प्रकार नाही.

पोलिसांना धुराचं फारसं कळत नाही आणि फायरवाल्यांना गोळीच्या दिशेचं. पण बिल्डिंग फायरवाल्यांना जास्त माहीत असते. अलार्म पॅनेल कुठे आहे, तो भोंगा बंद कसा करायचा, लिफ्ट खाली कशी आणायची, कोणता जिना गच्चीपर्यंत जातो, डक्ट कुठून जातात. अलार्म वाजत असेल तर आत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही आणि शूटरची चाहूल पण लागत नाही, तेव्हा तो बंद करणं हे पहिल्या काही मिनिटांतलं काम आहे, आणि ते करायला पोलिस बंदोबस्तात एक फायरवाला लागतो. पाणी मारायचं की आधी शूटरला आवरायचं याचा निर्णय एकट्या फायरने घेऊ नये आणि एकट्या पोलिसांनी तर अजिबात नको.

ड्रिलचा फार्स

पोलिसांचं मॉक ड्रिल पोलिसांपुरतं, स्वाट टीम दोरीवरून उतरते, फोटो निघतात, चहा होतो. फायर त्या दिवशी "स्टँडबाय". खरी परीक्षा पहिल्या पंधरा मिनिटांची असते, जेव्हा स्पेशल टीम आलेलीच नसते आणि रात्रपाळीचे साधे शिपाई आणि एकच बंब असतो. त्यांचं ड्रिल घ्या. मोठं मैदान पण लागत नाही, टेबलावर बिल्डिंगचा नकाशा ठेवा, दोन्हीकडची शिफ्टमधली माणसं बसवा आणि विचारा, पाचवा कोण, बंब कुठे लावणार, पहिला जखमी कोणत्या दारातून बाहेर येणार. दोघांची उत्तरं वेगळी आली की कळतंच कुठे पाणी मुरतंय.

आणि हॉस्पिटल विसरू नका. लास वेगासला शेकडो जखमी अँब्युलन्सची वाट न बघता मिळेल त्या गाडीने निघाले आणि जवळच्या एकाच हॉस्पिटलला, सनराइजला, २०० हून जास्त पेशंट जाऊन धडकले, बाकीच्या हॉस्पिटलांत त्या मानाने कमी. लोक असे जाणारच, अडवता येत नाहीत. पण जवळच्या हॉस्पिटलला पहिला फोन पाच मिनिटांत जायला हवा आणि पुढच्या अँब्युलन्स लांबच्या हॉस्पिटलांकडे वळवायला हव्यात. तो फोन पोलिस कंट्रोलने करायचा की फायर कंट्रोलने, आणि शिफ्टमधल्या कोणत्या खुर्चीने, हे आजच ठरवून घ्या, कारण दोघांनाही वाटत असतं की तो समोरच्याने केलाय.