फ्लॅटच्या जाहिरातीच्या पानाला स्कीमा मार्कअप कसं लावायचं

'२ बीएचके, कोथरूड, १.१५ सीआर, ७२०' एवढं वाचलं की पुण्यातल्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. यंत्राला मात्र ७२० हा कार्पेट आहे, बिल्टअप आहे की फ्लॅटचा नंबर, याचा अंदाज बांधावा लागतो. स्कीमा मार्कअपनं हा अंदाज संपतो. पानावर दिसणारी माहिती ठरलेल्या नावांनी, ठरलेल्या एककात, पानाच्या कोडात पुन्हा एकदा लिहायची, एवढंच हे काम आहे. ही नावं स्कीमा डॉट ऑर्गची. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये ती एकत्र ठरवली.

काम हातात घेण्याआधी बिल्डरला किंवा एजंटला एक गोष्ट स्पष्ट सांगा. विक्रीच्या किंवा भाड्याच्या फ्लॅटसाठी गूगलच्या निकालात किंमत, फोटो, खोल्या दाखवणारी खास चौकट नाही. सुट्टीत राहायला मिळणाऱ्या घरांसाठी वेगळी सोय आहे, पण तिचे नियमही वेगळे आहेत. मार्कअप लावलं म्हणून नंबर वर जाईल असं वचन देऊ नका. फायदा एवढाच, की यंत्राला माहिती चुकीची समजत नाही. दुसरा फायदा तितकाच मोठा आहे: हे करताना तुमच्या डेटाबेसमधली घाण बाहेर येते.

या लेखात स्कीमाची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. कोडात ती रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहायची. प्रकाराच्या नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, गुणधर्माच्या नावाचं पहिलं अक्षर स्मॉल, आणि पुढचा प्रत्येक शब्द कॅपिटलनं सुरू. लहान-मोठ्या अक्षरांची चूक झाली तर ते नाव ओळखलं जात नाही.

सांगाडा

जेसन-एलडी वापरा, म्हणजे गुणधर्माचं नाव आणि त्यापुढे त्याचं मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत. पानाच्या एचटीएमएलमध्ये मजकूर जागोजागी न छेडता एकाच स्क्रिप्ट टॅगमध्ये सगळं बसतं आणि टेम्प्लेट बदललं तरी मोडत नाही. तो टॅग सर्व्हरवरूनच पानासोबत यावा. नंतर जावास्क्रिप्टनं घातलेलं गूगल वाचू शकतं, पण प्रत्येक बॉट वाचेलच असं नाही.

आत एकमेकांत बसणारे तीन डबे आहेत असं समजा:

रिअलइस्टेटलिस्टिंग: जाहिरातीचं पान (नेम, यूआरएल, डेटपोस्टेड)
— मेनएंटिटी: अपार्टमेंट, म्हणजे प्रत्यक्ष फ्लॅट (फ्लोअरसाइज, नंबरऑफबेडरूम्स, फ्लोअरलेव्हल, अ‍ॅड्रेस, जिओ)
— ऑफर्स: ऑफर, म्हणजे व्यवहार (प्राइस, प्राइसकरन्सी, बिझनेसफंक्शन, अव्हेलेबिलिटी, सेलर)

पान वेगळं, फ्लॅट वेगळा, व्यवहार वेगळा. सगळ्यात जास्त गोंधळ हे तीन एकात कोंबल्यामुळे होतो. किंमत फ्लॅटला चिकटवली जाते, जाहिरातीची तारीख इमारतीला. ऑफर ही लिस्टिंगलाच जोडायची, कारण रिअलइस्टेटलिस्टिंग हा पानाचा उपप्रकार आहे आणि पानाला ऑफर्स जोडता येतात.

फ्लॅटला 'प्रॉडक्ट' करून टाकायचा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. शब्दसंग्रहाच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही, पण तो न घेणंच बरं. प्रॉडक्ट दिसलं की सर्च कन्सोल (साइटमालकाला चुका दाखवणारं गूगलचं साधन) दुकानातल्या मालाचे निकष लावतं आणि शिपिंग, रिटर्न पॉलिसी नाही अशा सूचनांची रांग लागते. फ्लॅट कुरियरनं जात नाही. त्या सूचनांच्या गर्दीत खरी चूक नजरेतून सुटते.

क्षेत्रफळ

फ्लोअरसाइजमध्ये कार्पेट एरियाच लिहा, आणि तोही रेरा कायद्यातला. २०१६ च्या कायद्याच्या कलम २(के) नुसार त्यात आतल्या भिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र टेरेस धरत नाहीत. ७२० चौरस फूट कार्पेटवर ३० टक्के लोडिंग (जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटा) धरलं की सेलेबल, म्हणजे विकताना सांगितला जाणारा एरिया, ९३६ होतो. डेटाबेसमध्ये 'एरिया' नावाचा एकच रकाना असेल तर त्यात काही नोंदींमध्ये ७२० असतं, काहींमध्ये ९३६. आधी तो रकाना दोन करा, मग मार्कअपला हात घाला. बाल्कनी किंवा सेलेबल द्यायचंच असेल तर अ‍ॅडिशनलप्रॉपर्टीमध्ये स्वतंत्र नाव देऊन द्या.

आकडा आणि एकक वेगवेगळे ठेवायचे. व्हॅल्यूमध्ये नुसता ७२०. युनिटकोडमध्ये चौरस फुटासाठी एफटीके किंवा चौरस मीटरसाठी एमटीके. '७२० चौ.फू.' असं एकत्र लिहिलं की ते यंत्रासाठी आकडा राहत नाही. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ७२० चौरस फूट हे ६६.८९ चौरस मीटर झाले. ६६.८९ समोर एफटीके पडलं तर दोन बेडरूमचा फ्लॅट कपाटाएवढा होतो, आणि कोणताही तपासक त्याला चूक म्हणत नाही. २ बीएचकेसाठी टेम्प्लेटमध्येच मर्यादा घाला: ३५० पेक्षा कमी चौरस फूट आले तर मार्कअप छापू नये.

बीएचकेमधला आकडा नंबरऑफबेडरूम्समध्ये. फ्लोअरलेव्हलला आपली स्थानिक मोजणी चालते. तळमजल्यावरचा मजला हा पहिला.

प्लॉटसाठी मात्र यात नेमका प्रकार नाही. तिथे 'प्लेस' घ्या आणि क्षेत्रफळ अ‍ॅडिशनलप्रॉपर्टीत द्या. गुंठ्यांचे चौरस मीटर करून लिहा: १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर.

किंमत

सव्वा कोटीला थोडी कमी, म्हणजे १ कोटी १५ लाख: ११५०००००. स्वल्पविराम नाही, रुपयाचं चिन्ह नाही, 'लाख' नाही. प्राइसकरन्सीत आयएनआर. मराठी साइटवर इथे हमखास घसरण होते: पानावरचे देवनागरी अंक तसेच कोडात उतरतात. स्कीमाचा नियम स्पष्ट आहे की संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच हव्यात. पानावर देवनागरी दाखवा, पण कोडात मूळ संख्या द्या. दाखवण्यासाठी रूपांतर केलेला मजकूर देऊ नका.

विक्री असेल तर बिझनेसफंक्शनमध्ये सेल (Sell), भाडं असेल तर लीझआउट. काहीच लिहिलं नाही तर विक्री धरली जाते, म्हणजे २८ हजार भाड्याचा फ्लॅट २८ हजारांना विकायला निघतो. भाड्यासाठी युनिटप्राइसस्पेसिफिकेशन घेऊन प्राइस २८०००, युनिटकोड एमओएन, म्हणजे दर महिना. डिपॉझिट भाड्यात मिळवू नका. ते ऑफरच्या वर्णनात लिहा. पानावर 'किंमत फोनवर' असेल तर प्राइस गाळा. शून्य किंवा १ टाकू नका.

पत्ता, नकाशा आणि महारेरा

अ‍ॅड्रेसकंट्रीत आयएन, पोस्टलकोडमध्ये सहा अंकी पिन (कोथरूडला ४११०३८), अ‍ॅड्रेसलोकॅलिटीत पुणे. रीसेलच्या फ्लॅटचा दरवाजा क्रमांक देऊ नका, तिथे कुणीतरी राहतंय. सोसायटीपर्यंतचा पत्ता पुरे.

अक्षांश आणि रेखांश उलटे पडणं नेहमीचं. कोथरूड म्हणजे अंदाजे १८.५०७ अक्षांश आणि ७३.८०८ रेखांश. उलटं केलं की फ्लॅट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात, बेअर बेटाजवळ जातो. महाराष्ट्रासाठी तपासणी सोपी आहे: अक्षांश साधारण १५ ते २३ च्या आत, रेखांश ७२ ते ८१ च्या आत. बाहेर गेला तर जिओ गाळा. दशांशानंतर तीन अंक म्हणजे शंभरेक मीटरची अचूकता, रीसेलला तेवढी बास.

महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) देतं तो नोंदणी क्रमांक फ्लॅटचा नसतो, प्रकल्पाचा असतो. म्हणून अपार्टमेंटला कंटेन्डइनप्लेस जोडा, त्यात अपार्टमेंटकॉम्प्लेक्स ठेवा आणि क्रमांक त्याच्या आयडेंटिफायरमध्ये लिहा, प्रमाणपत्रावर आहे तसा, अवतरणांत. पानावर तो ठळक दिसायलाच हवा. कलम ११(२) नुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता लागतोच. कोडात लिहिलं म्हणून त्यातून सुटका नाही.

कुठे मोडतं

जेसन हातानं जोडू नका. वर्णनात कुणी दुहेरी अवतरण, नवी ओळ किंवा इंचाचं चिन्ह टाकलं की अख्खा ब्लॉक बाद होतो. पीएचपीत जेसन-एनकोड, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगिफाय वापरा. स्ट्रिंगिफायनंतर 'पेक्षा लहान' चिन्ह एस्केप करा (त्याच्या जागी त्याचा सांकेतिक कोड लिहा), नाहीतर वर्णनातला स्क्रिप्टचा बंद टॅग पान फोडतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या नमुन्यात वाकडी अवतरणं येतात; डोळ्यांना कळत नाही, पण जेसन ती मानत नाही. शेवटच्या ओळीनंतरचा स्वल्पविरामही तसाच घातक.

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच. ०४/०३ हा ४ मार्च की ३ एप्रिल, हे यंत्राला ठरवायला लावू नका. वर्डप्रेसवर थीम आणि एसईओ प्लगइन दोघंही आपापलं मार्कअप छापतात. पानाचा सोर्स उघडून मोजा आणि एक बंद करा. शोधनिकालांच्या यादीच्या पानावर वीस फ्लॅटचे तपशील कोंबू नका, तिथे आयटमलिस्टमध्ये दुवे पुरेत.

प्रश्नोत्तरांचं एफएक्यू मार्कअप आता फ्लॅटच्या साइटला उपयोगी नाही. ऑगस्ट २०२३ पासून गूगलनं तो देखावा नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता ठेवला. स्वतःच्याच साइटवर स्वतःच्या कंपनीला दिलेले रेटिंगचे तारेही गूगल दाखवत नाही. ब्रेडक्रम्ब, म्हणजे पान साइटवर कुठे आहे ते दाखवणारी वाट, मात्र लावा: पुणे, कोथरूड, २ बीएचके. जानेवारी २०२५ पासून मोबाइलवर तो दिसत नाही, डेस्कटॉपवर दिसतो.

तपासणी

आधी स्कीमा डॉट ऑर्गचा व्हॅलिडेटर. तिथे तिन्ही डबे एकमेकांत दिसले पाहिजेत. सुटे दिसले तर मेनएंटिटी किंवा ऑफर्स जोडायचं राहिलंय. मग गूगलची रिच रिझल्ट्स टेस्ट. ती फक्त ब्रेडक्रम्ब दाखवेल आणि लिस्टिंगबद्दल गप्प राहील. ही चूक नव्हे. ती टेस्ट गूगल जे दाखवतं तेवढंच तपासते. शेवटी दहा पानं उघडून कोडातली किंमत आणि पडद्यावरची किंमत शेजारी ठेवून डोळ्यांनी ताडून बघा. हे काम कोणताच तपासक करत नाही.

फ्लॅट विकला गेला की त्याच दिवशी अव्हेलेबिलिटी इनस्टॉकवरून सोल्डआउट करा आणि पानावरही 'विकला गेला' लिहा. हा बदल माणसाच्या आठवणीवर सोडू नका. सेल्सची टीम जिथे व्यवहाराची नोंद करते त्याच रकान्याला तो बांधा. पान कायमचं काढायचं असेल तर सर्व्हरकडून ४१० हा 'पान कायमचं गेलं' सांगणारा कोड द्या. मुख्यपानावर वळवू नका, कारण तिथे आलेल्या माणसाला तो फ्लॅट कुठे गेला हे कळत नाही.