आई-वडिलांची तब्येत अचानक बिघडली तर पहिल्या तासात काय करायचं

बाबा घामाघूम होऊन जिन्यातच बसले किंवा आईची जीभ बोलता बोलता जड झाली, की घरातून पहिला फोन जातो तो भावाला, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरांना. तो रुग्णवाहिकेला जायला हवा. फोनवर आधी पत्ता सांगा, मजला आणि जवळच्या खुणेसकट, म्हणजे फोन मध्येच तुटला तरी गाडी निघेल. मग शुद्ध आहे का, श्वास कसा चाललाय, ते सांगा. रोगाचं नाव तुम्ही शोधायचं नाही. दिसतंय तेवढं सांगणं पुरे.

हाक मारून, खांदे हलवूनही हालचाल नाही आणि श्वास बंद आहे किंवा आचके दिल्यासारखा अधूनमधून येतोय, तर हृदय थांबलंय असंच धरा. त्या आचक्यांना श्वास समजून लोक वाट बघत बसतात आणि तिथेच घात होतो. माणसाला जमिनीवर उताणं घ्या, कारण पलंगावर छातीऐवजी गादीच दबते. छातीच्या मधोमध एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी हात बदला, थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो.

तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात उचलत नाही, शब्द बोबडे येताहेत, यातलं एक जरी अचानक झालं तरी पक्षाघात समजा. इथे सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात, तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. सकाळी उठतानाच हात लुळा असेल तर रात्री झोपतानाची वेळ सांगा. उशीर झालाय म्हणून घरी थांबू नका. निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत करता येतो. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जायचंच, मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल गाठा.

या वेळी बीपीची जास्तीची गोळी देऊ नका. मेंदूला रक्त पुरवण्यासाठी शरीरानेच दाब वाढवलेला असतो. ॲस्पिरिनही नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. पाणीसुद्धा नको, ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

हृदयविकाराचा झटका मधुमेही आणि वयस्कर माणसांत छातीत न दुखताही येतो. नुसती धाप, गार घाम, मळमळ, आणि घरचे म्हणतात गॅस झालाय. अशा वेळी टेकवून बसवा, स्वच्छतागृहापर्यंतही चालवू नका. ॲस्पिरिन चावायला द्यायची का, ते फोनवरच्या माणसाला विचारा. शेजाऱ्यांनी आणून दिलेली जिभेखालची गोळी मात्र देऊ नका. रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

मधुमेह असेल आणि ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर बघा, कारण उतरलेली साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात न्या.

निघताना औषधांची यादी शोधत बसू नका, पाकिटंच पिशवीत टाका. वॉरफरिन, अपिक्साबान यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा, शेवटची गोळी कधी घेतली तेही. त्यावर बरेच निर्णय अडतात. औषधाची ॲलर्जी, पेसमेकर, मूत्रपिंडाचा आजार आणि जुना ईसीजी हेही लागेल.

हॉस्पिटलात डॉक्टरांशी एकाच माणसाने बोलावं आणि लिहून घ्यावं. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी नाव घातलेल्या डबीत न्या. ती नसली की म्हाताऱ्या माणसाला दिसत-ऐकू येत नाही आणि रात्री भ्रम होण्याचा धोका वाढतो. आई अचानक असंबद्ध बोलू लागली, सलाइन ओढू लागली, तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका. हा बदल कधी सुरू झाला ते नर्सला लगेच सांगा.