आपल्याच माणसाशी करार कसा लिहावा

मी सोलापुरात कोर्टाबाहेर टेबल मांडून दस्त टाइप करतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे, बोटं तीच. इसार पावती, भाडेकरार, भागीदारी, हातउसने पैसे, काय वाट्टेल ते. समोर बसलेला माणूस हमखास म्हणतो, "मालक, घरचीच माणसं आहेत, थोडक्यात लिहा." घरची असतील तर जास्त लिहा, असं मी सांगतो. परक्याशी बिनसलं तर पैसे जातात, भावाशी बिनसलं तर दिवाळीही जाते.

आपला भुईकोटच बघा. 1524 च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली. हुंड्यात सोलापूरचा किल्ला आणि भोवतालचा मुलूख द्यायचं ठरलं होतं. लग्न झालं, किल्ला काही मिळाला नाही. त्यापायी दोन्ही घराण्यांत पुढे चाळीसेक वर्षं लढाया झाल्या. शेवटी निजामशहाची लेक चांदबिबी विजापूरला दिली, तेव्हा हाच किल्ला पुन्हा हुंड्यात गेला, या वेळी उलट्या दिशेने. काय द्यायचं हे ठरलेलं असून भागत नाही. ताबा कधी आणि कोणाच्या हातात, हेही ठरावं लागतं. म्हणून घराची इसार पावती करताना मी आधी ताब्याची तारीख विचारतो, रक्कम मागून. "रजिस्ट्री झाल्यावर बघू" असं उत्तर आलं की बोटं थांबवतो. बघू म्हणजे कधी?

दुसरं काम मोजण्याचं. पुरंदरच्या तहात (1665) महाराजांनी 23 किल्ले द्यायचे आणि 12 ठेवायचे असं ठरलं. 'काही किल्ले' म्हटलं असतं तर मिर्झाराजे आणि महाराज एकेका गडावर वाद घालत बसले असते. तुमच्या कागदातही तसंच मोजून लिहा. पूर्व भागातले टॉवेलवाले जॉबवर काम देतात, सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी लूमवाल्याची. भांडण मजुरीच्या दरावर क्वचितच होतं. होतं ते घटीवर. शंभर किलो सूत दिलं, माल किती किलो परत यायला हवा? किती टक्के घट धरायची? डागी माल कोणाच्या गळ्यात? लाइट गेल्यामुळे उशीर झाला तर तारीख पुढे सरकते का? एवढ्या चार ओळी असल्या तरी निम्मी भांडणं संपतात. भारतीय करार कायदा 1872 चा आहे. त्याचं कलम 29 सांगतं की ज्याचा अर्थ निश्चित होत नाही आणि करताही येत नाही, असा करार रद्दबातल. 'योग्य तो मोबदला' असं लिहून आणणाऱ्यांनी हे वाचावं.

आता सही. 1775 मध्ये रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईला तसा अधिकारच नाही म्हणून तो अमान्य केला, आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरला वेगळा तह केला. 1779 मध्ये वडगावला इंग्रजी फौज कोंडीत सापडली, तिथे करारावर सह्या झाल्या, आणि सुटका होताच सह्या करणाऱ्यांना अधिकार नव्हता म्हणून इंग्रजांनी तो मोडला. एकाच युद्धात दोनदा तीच सबब! म्हणून समोरचा सही करतोय ती कोणाच्या वतीने, हे विचारायला लाजू नका. तिघा भावांच्या शेडचा करार एकटा थोरला करत असेल तर बाकी दोघांचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र मागा, नाहीतर तिघांना घेऊन या. सोसायटी असेल तर ठरावाची प्रत घ्या. सही करणारा अठरा वर्षांचा झालेला हवा. अज्ञानाने, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच रद्द, हे 1903 पासून ठरलेलं आहे.

साक्षीदार आणि जामीनदार यांत लोक फार गल्लत करतात. साक्षीदार एवढंच सांगतो की सही माझ्यासमोर झाली. पैसे बुडाले तर त्याच्याकडून एक रुपया मिळत नाही. जामीनदार मात्र मूळ कर्जदाराइतकाच अडकतो. सालबाईचा तह (1782) महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झाला आणि तो पाळला जाईल याची हमीही त्यांनीच घेतली. तुमचा मेहुणा 'साक्षीला' म्हणून आलाय आणि तुम्ही त्याच्या भरवशावर पैसे देताय, तर त्याला समजावून जामीनदार करा किंवा भरवसा सोडा. बरं, त्या तहावर नाना फडणीसांनी लगेच मोहोर उठवली नाही, 1783 उजाडलं. घाई नव्हती माणसाला. घरी नेऊन रात्रभर वाचायला मागणारा गिऱ्हाईक मला म्हणूनच आवडतो.

स्टॅम्पचं थोडक्यात. पूर्वी शंभराचा चालायचा तिथे ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. करार करणाऱ्यांपैकी एकाच्या नावाने घ्या आणि सहा महिन्यांत वापरा. कमी स्टॅम्पचा कागद फुकट जात नाही, पण फरक आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. जागेची विक्री दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावी लागते, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" हे भाडेकराराबाबत महाराष्ट्रात चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने लेखी आणि नोंदणीकृत करार बंधनकारक आहे, जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच आधी खरं धरलं जातं.

दंडाचं कलम लिहिताना लोकांना जोर चढतो. "उशीर झाल्यास रोज पाच हजार!" लिहा हवं तर. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. फुगवलेल्या आकड्याने समोरचा घाबरत नाही, फक्त सहीला टाळाटाळ करतो.

त्यापेक्षा डोकं बाहेर पडण्याच्या वाटेवर खर्च करा. अण्वस्त्र प्रसारबंदी करारात तीन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडायची सोय आहे. 1960 च्या सिंधू पाणी करारात एकट्याने बाहेर पडायची वाटच नाही, दोन्ही सरकारांनी नवा करार करूनच तो संपवता येतो. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो 'स्थगित' ठेवल्याचं जाहीर केलं, आणि अशी स्थगिती त्या करारात बसते का यावर वाद सुरू झाला. भागीदारीतही हेच होतं. निघायचंय एकाला, पण कसं ते लिहिलेलं नाही. नोटीस किती दिवसांची, लूमची किंमत कोण ठरवणार, हातातल्या ऑर्डरी कोण पुरवणार, उधारी कोण वसूल करणार, हे गोडीत असतानाच लिहून टाका. लग्नाच्या मांडवात काडीमोडाची भाषा कशाला, असं एका म्हाताऱ्या मालकांनी मला सुनावलं होतं. सुनावून झाल्यावर कलम घालायला सांगितलं.

आपल्याकडे अर्ध्या घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात आणि कागद मराठीत असतो. सहीआधी तो त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा, आणि "मजकूर तेलुगूत वाचून दाखवला, समजला" अशी ओळ घालून वाचणाऱ्याची सही घ्या. अंगठा असेल तर हे हवंच.

प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, खाडाखोड झाली तर तिच्या शेजारीही. मूळ कागद कोणाकडे राहणार ते त्याच कागदात लिहा. हातउसने दिले असतील तर रोख देऊ नका, बँकेतून द्या. परतीची तारीख घालाच, आणि ती मोबाइलमध्येही टाका. त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत संपण्याआधी समोरच्याने "इतके देणे बाकी आहे" असं सहीनिशी लिहून दिलं तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. ही चिठ्ठी मागायला दुसऱ्या वर्षाच्या संक्रांतीला जा. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, दिवसांत माणसं घरी सापडतात आणि तोंडात तिळगूळ असतो.