माइकसमोर डोकं कोरं होतं तेव्हा: ताण गृहीत धरून भाषणाची तयारी कशी करावी

नाव पुकारलं जातं. आपण उठतो, माइकपाशी जातो, समोर बघतो आणि घरी आरशासमोर धडाधड म्हटलेलं पहिलं वाक्यच सापडत नाही. घशाला कोरड, पोटात गोळा, तोंडातून त त प प. गंमत म्हणजे खाली येऊन खुर्चीत बसलं की तेच भाषण शब्दन् शब्द आठवतं! म्हणजे पाठांतर पक्कंच होतं, ऐन वेळी हाताशी आलं नाही इतकंच.

असं का होतं? इतके डोळे आपल्यावर रोखलेले दिसले की मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. काही सेकंदांत मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तात उतरतं. छाती धडधडते, लाळ आटते, तळहात घामेजतात. त्याच्या मागून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक सावकाश चढत जातं. या सगळ्याचा फटका बसतो तो कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला. चालू वाक्य धरून ठेवणं आणि पुढचं जुळवणं हे त्याचं काम. मुळात त्याचं हे कामाचं टेबल लहान, त्यात ‘आवाज कापतोय का?’, ‘तो मागचा का हसला?’ असले पाहुणे येऊन बसतात. मुद्द्याला जागाच उरत नाही.

भाषणाची भीती इतकी हमखास, की जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली ताण मोजायची चाचणीच तिच्यावर उभी केली. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं, मग १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत उलटं मोजत जायचं. लाळेतलं कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेलं आढळलं.

तेव्हा तयारी करायची ती मंचावर जो गडबडलेला मेंदू आपल्यासोबत असणार आहे, त्याच्यासाठी.

१. पाठ करा फक्त दोन वाक्यं
पहिलं आणि शेवटचं. अख्खं भाषण घोकलं की त्याची साखळी होते, एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. मधल्या भागासाठी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत चार-पाच शब्द लिहा. समजा, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याबद्दल बोलायचं आहे. कार्डावर एवढंच: ‘पहिला दिवस, छत्री, ऑडिट, रात्रीचा फोन’. ‘छत्री’ दिसली की तो पावसातला अख्खा किस्सा आपोआप तोंडात येतो. तिथे परिच्छेद लिहिलेला असता तर कापऱ्या हातात ओळ शोधण्यातच वेळ गेला असता. कार्ड जाड घ्या. माझ्या पहिल्या भाषणात पातळ कागदाची फडफड माइकमधून माझ्या आवाजापेक्षा मोठी ऐकू गेली होती.

२. धडधडत्या छातीने सराव करा
खुर्चीत बसून मनातल्या मनात वाचणं याला मी सराव मानत नाही. दोन मजले झपझप चढा आणि धाप लागलेली असतानाच उभं राहून मोठ्याने सुरुवात करा. (हृदयाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर ही युक्ती सोडून द्या.) मग घरातल्या दोघांना समोर बसवा आणि बजावा: हसायचं नाही, मान डोलवायची नाही. ट्रिअरचे परीक्षक घरीच भेटतील. दोन-तीनदा हे केलं की धडधड आणि बोलणं एकत्र चालू शकतं, हे शरीराला कळतं.

३. ‘शांत हो’ म्हणू नका
उधळलेल्या छातीला शांत व्हायला सांगून ती ऐकत नाही. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत शरीराची अवस्था मात्र जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे एकीवरून दुसरीवर जाणं सोपं. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणापूर्वी ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. मला हे आधी पोरकट वाटलं होतं. आता मी ‘चला, मजा येणार’ असं पुटपुटूनच उठतो.

४. उच्छ्वास लांबवा
नाव पुकारण्याआधी चार आकडे मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर. असं पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडण्यावर भर. भराभर मोठे श्वास घेऊ नका, गरगरायला लागेल. पाण्याचा एक घोट घ्या.

५. पहिला मिनिट काढा
धडधड बहुधा सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते, मग स्वतःहून उतरते. पाठ केलेलं पहिलं वाक्य त्यासाठीच राखलंय. ते मुद्दाम सावकाश म्हणा.

६. तरीही कोरं झालं तर?
थांबा. मघाचंच वाक्य जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा आणि तेवढ्यात कार्डाकडे बघा. ऐकणाऱ्याला वाटतं, मुद्द्यावर भर दिला. ‘सॉरी, मला फार टेन्शन आलंय’ हे मात्र गिळून टाका, कारण आपली घालमेल समोरच्यांना आपल्याला वाटते तेवढी दिसत नसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवलं, की ज्या वक्त्यांना हे एवढंच आधी सांगितलं होतं, ते इतरांपेक्षा चांगलं बोलले.

बोलावं लागेल म्हणून नोकरी किंवा परीक्षाच टाळण्याइतकी भीती असेल, तर मात्र समुपदेशकाला गाठा. अशा भीतीवर उपचार आहेत.

भाषण संपल्या संपल्या स्वतःला गुण देऊ नका. कॉर्टिसॉल उतरायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड काढा आणि प्रत्येक शब्दापुढे पेन्सिलीने खूण करा: ‘छत्री’ला लोक हसले, ‘ऑडिट’ला जांभया आल्या.