चिल्का झालं, आता जहाज: तारखेचा घोळ टाळा

चिल्काला, म्हणजे ओडिशातल्या नौदलाच्या तळावर, नाविकाचं ट्रेनिंग संपलंय आणि जहाजही मिळालंय, असं धरून लिहितोय.

जहाजावरच्या भाषेचा बाऊ करू नका. हेड्स म्हणजे संडास, गॅश म्हणजे कचरा, स्पीकरवरून हुकूम येतो तो पाइप. स्टँड ईझी झाली की चहा; मेक अँड मेंड लागला की दुपारपासून मोकळे. महिनाभरात हे तोंडात बसतं. मोबाइलवर फिरणाऱ्या शब्दांच्या याद्या पाठ करणं मला तरी फुकटचा उद्योग वाटतो. कुठला शब्द कुणासमोर काढायचा नाही, हे यादीत नसतं. त्यापेक्षा मेसमधला एखादा जुना लीडिंग, म्हणजे एक पायरी वरचा नाविक, धरा. खडूस असला तरी चालेल, गोडबोल्यापेक्षा बरा.

आता वॉच, म्हणजे ड्यूटीची पाळी. हे मात्र दोनदा वाचा. दिवसात वॉच सात: चार-चार तासांचे पाच आणि संध्याकाळी १६ ते १८, १८ ते २० हे दोन डॉग वॉच. आकडा विषम असल्याने रोज त्याच माणसाच्या वाट्याला मध्यरात्र येत नाही. ०० ते ०४ हा मिडल, आणि माझी वाट लागली ती तिथेच. एखादा तक्ता सकाळी आठ ते दुसऱ्या सकाळी आठ असा असतो. त्यात १४ तारखेचा मिडल पडतो १४-१५च्या रात्री. दुसरा तक्ता मध्यरात्रीपासून सुरू होतो. त्यात तोच मिडल १३-१४च्या रात्री. मी पहिल्या हिशोबाने १३च्या रात्री घोरत पडलो, आणि बदली येईपर्यंत आधीच्या पोराला जागा सोडता येईना. ड्यूटीवर वेळेत न पोचणं म्हणजे अॅड्रिफ्ट, आणि अॅड्रिफ्ट म्हणजे अॅड्रिफ्ट, तिथे सबब चालत नाही. म्हणून तारीख विचारूच नका. ‘तेरा-चौदाची रात्र की चौदा-पंधराची?’ असंच विचारा. हसतील, हसू द्या. २४०० ऐवजी २३५९ लिहायची पद्धत याच घोळापायी आहे. आणि लुकआउटला, म्हणजे समुद्रावर नजर ठेवायला, असाल तर वेळेआधी वर जा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं सहज जातात.

एव्हिएशनवाल्यांनो, गोव्यात हंसाला, म्हणजे नौदलाच्या विमानतळावर, गेलात तर फॉड वॉकला नाक मुरडू नका. खांद्याला खांदा लावून धावपट्टीवरचे खडे, स्क्रू वेचायचे. काम हलकं दिसतं, पण जेटच्या इंजिनाने एक नट ओढला तरी आतली पाती जातात.

राहता राहिलं मळमळणं. पावसाळ्यातला अरबी समुद्र जुन्या चीफनाही, म्हणजे मुरलेल्या वरिष्ठ नाविकांनाही, आडवा करतो, तेव्हा लाज सोडा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी चपाती किंवा बिस्किटं चघळा, जमेल तेव्हा वर जाऊन क्षितिजाकडे बघा. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत बसतं. तोवर बादली कुठे असते ते आधीच बघून ठेवा, आणि नंतर ती स्वतः धुवा.